तगरीवरचे निळे डोळे

ठाण्याला सासरी येऊन मला सात-आठ महिने झाले होते. वय पंधरा. घरात आम्ही चौघं: सासूबाई, मामंजी, हे आणि मी. हे कचेरीत कारकून होते, सकाळी जेवून जायचे ते दिवेलागणीला परत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभी हयात सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात घालवली होती. साहेबांच्या तंबूंबरोबर शहापूर, जव्हारची रानं त्यांनी पायी तुडवली होती. पेन्शन घेऊन घरी बसले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. ज्या माणसानं ओढ्याचं एकेक वळण केसाएवढ्या रेघेनं काढलं, त्याला आता समोरचं ताट चाचपावं लागत होतं.

त्या वेळच्या रीतीप्रमाणे मामंजी माझ्याशी बोलत नसत आणि मी त्यांच्यासमोर उभी राहत नसे. पाणी हवं असलं तर ते सासूबाईंना सांगत. मी दाराआडून ऐकलेलं असलं तरी सासूबाई पुन्हा सांगेपर्यंत थांबत असे.

सासूबाई कष्टाळू होत्या, हाताला चव होती, पण हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्याचं कारण मला शेजारच्या काकूंनी विहिरीवर सांगितलं होतं. ह्यांच्या पाठची एक मुलगी होती. चार वर्षांची असताना परसात लाकडाच्या राशीशी खेळत होती, तिथे तिला फुरसं चावलं. दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून सासूबाई परसात पाऊल टाकताना आधी काठी आपटत, आणि घरात कुणी सापाचा उच्चारही करत नसे.

नवरात्राला आठ-दहा दिवस होते. सकाळी देवाची फुलं काढायला मी परडी घेऊन परसात गेले. विहिरीच्या अंगाला मामंजींनी लावलेली डबल तगर होती, माझ्या डोक्याहून उंच. आतल्या फांदीवरच्या फुलाला हात घातला आणि तसाच राहिला. फुलामागे हिरवं अंग होतं, बोटापेक्षा जाड, आणि त्यावर दोन डोळे. निळे. भोवती काळं कडं, मध्ये पांढुरकी चमक. माझ्याकडेच बघत होते. मी हात मागे घेतला तशी त्यानं मान आत ओढली, मानेशी फुगलं आणि डोळे आणखी मोठे झाले.

परडी तिथेच टाकून मी किंचाळत घरात आले. "साप! तगरीवर साप!"

सासूबाई चुलीपुढून उठल्या त्या पांढऱ्याफटक. माझा हात धरून त्यांनी आधी दोन्ही बाजूंनी उलटसुलट पाहिला, मग दुसरा हात, मग पाय. चावलेलं नाही अशी खात्री झाल्यावर मटकन खाली बसल्या. तोपर्यंत काकू आल्या होत्या.

"हिरवा म्हणजे हरणटोळ," काकू म्हणाल्या. "झाडावर दबा धरून बसतं आणि कपाळावर टोचतं. अहो, ती तगर तोडूनच टाका. माझ्याकडे नारळ उतरवायला माणूस आलाय, त्याच्याजवळ कोयता आहे."

"तोडा," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता तोडा."

मामंजी ओटीवर होते. ते भिंत धरत माजघराच्या दाराशी आले. "तिला विचार," ते सासूबाईंना म्हणाले, "जीभ बाहेर काढली का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही.

"नाही म्हणते."

"डोळे कसले होते? पिवळे?"

"निळे," मी हळूच म्हणाले.

"निळे म्हणते."

"हरणटोळाचे डोळे पिवळे असतात. निळ्या डोळ्यांचा साप ह्या मुलखात मी तरी पाहिला नाही." मग त्यांनी विचारलं, "खालची पानं खाल्लेली होती का? झाडाखाली मिऱ्यांसारखं काळं काही पडलं होतं का?"

मला आठवलं. दोन दिवस मी त्या झाडाखाली झाडताना ते काळे दाणे केरात भरत होते. कुणाच्या हातून मिरी सांडली असेल असंच मला वाटलं होतं. आणि वरच्या दोन फांद्यांचे तर नुसते देठ उरले होते. मी तसं सांगितलं. सासूबाईंनी ते पुढे सांगायच्या आधीच मामंजी म्हणाले, "साप पानं खात नाही, आणि अशा लेंड्याही टाकत नाही."

एवढ्यात कोयतेवाला माणूस मागच्या दारी येऊन उभा राहिला. सासूबाई त्याला झाड दाखवायला निघाल्या. तेव्हा मामंजी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"सूनबाई, मला आता नीट दिसत नाही. तू चल आणि मला दाखव."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी गेले नसते, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलून माझ्या हातात दिली.

मी पुढे, मामंजी मागे, त्यांचा हात काठीच्या दुसऱ्या टोकाला, अशी आम्ही तगरीपाशी गेलो. ते तिथेच होतं. मामंजींनी डोळे बारीक केले, चेहरा इतका जवळ नेला की मला ओरडावंसं वाटलं. "मला हिरवा डाग दिसतो. तू सांग. तोंड कुठे आहे?"

"डोळ्यांच्या पुढे... नाही, तोंड खाली आहे. दुमडून घेतलंय. लहानसं, वाटाण्याएवढं."

"मग डोळे तोंडावर नाहीत?"

नव्हते. ते डोळे पाठीवर होते, डोक्याच्या मागे. नुसते रंगाचे डाग! डोक्याखाली तीन जोड्या बारीक पाय, पोटाखाली गादीसारखे जाड पाय, अंगाच्या बाजूंनी पांढरी रेघ आणि ठिपके, आणि शेपटीवर नारिंगी काटा. एकेक गोष्ट मी सांगत गेले आणि माझी भीती कुठे गेली ते मला कळलंही नाही.

"अळी आहे," मामंजी म्हणाले. आणि मग दाराकडे वळून मोठ्यानं, "अळी आहे गं! झाड राहू दे."

कोयतेवाला हसत परत गेला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मी ती फांदी कापून ओटीवर आणली तेव्हा त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

एका मोठ्या कुंड्यात माती घालून, वर जुन्या धोतराचं फडकं बांधून आम्ही अळीला ठेवलं. रोज ताजी पानं घालायचं काम माझं. मामंजींनी ट्रंकेतून एक भिंग आणि अर्धी कोरी वही काढली. मला माहेरी वडिलांनी अक्षरओळख करून दिली होती, पण मुळाक्षरांच्या पुढे माझी मजल फारशी गेली नव्हती. "जे पाहशील ते लिही," ते म्हणाले. "चुकलं तर चुकू दे. आणि चित्र काढ." मी चित्र कधी काढलं नव्हतं. ते माझ्या हातावर हात ठेवून रेघ कशी ओढायची ते दाखवत. स्वतःचा हात कापायचा, पण माझ्या हातावर ठेवला की कसा कोण जाणे स्थिर व्हायचा.

तगरीवर आणखी दोन अळ्या होत्या. त्या तिथेच राहू द्यायच्या आणि मी खिडकीतून लक्ष ठेवायचं असं ठरलं. एका सकाळी बुलबुल आला. पानांत शिरून त्यानं चोच पुढे केली, आणि अळीनं मान आत ओढून ते डोळे फुगवले. बुलबुल असा दचकला की उडायच्या आधी पाय घसरून लोंबकळला. मी खिडकीत एकटीच हसत सुटले. मामंजींना सांगितलं तेव्हा त्यांनी तीन वेळा तेच पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या अळीचं नशीब तितकं बरं नव्हतं. परसात भारद्वाज उतरला. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून सासूबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, तगरीत शिरला, अळीनं डोळे दाखवले तरी जराही न बिचकता तिला उचलली आणि गिळली.

"तो सापाची पिल्लंही खातो," मामंजी म्हणाले. "त्याला सापाची भीती असती तर अळीची वाटली असती."

पण ही अळी कशाची, हे काही कळेना. मामंजींचे एक जुने स्नेही कल्याणला राहत. दोघांची ओळख जंगलातल्या तंबूतली; ते तेव्हा मोजणीच्या लोकांबरोबर औषधांची पेटी घेऊन फिरणारे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एका साहेबानं जाताना दिलेलं पतंगांच्या चित्रांचं पुस्तक होतं. रविवारी ह्यांना सुट्टी होती. अळीला एका सच्छिद्र टोपलीत घालून मामंजी, हे आणि मी सकाळच्या आगगाडीनं कल्याणला गेलो. खाडीवरचा पूल, मिठागरं, मग डोंगर. सगळी वाट मी टोपलीवर हात ठेवून बसले होते. हे मला हळूच म्हणाले, "माहेरहून रुखवत आणलंस त्यालासुद्धा इतकं जपलं नव्हतंस."

डॉक्टर बुटके, बोलके गृहस्थ होते. त्यांनी पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. हिरव्या आणि गुलाबी नक्षीचा पतंग, आणि खाली कोपऱ्यात अळी. तेच डोळे. पण डॉक्टर मजकूर वाचून मान हलवायला लागले.

"जमत नाही. ही कण्हेरीवर राहते असं लिहिलंय. तगरीचं नाव नाही. तुमची अळी दुसरी कुठली तरी असणार."

मामंजींचा चेहरा उतरला. दाराशी बसून मी अंगणात पाहत होते; तिथे तांबडी कण्हेर फुललेली होती. बोलावं की नाही असं दोनदा मनात आलं. शेवटी मी ह्यांना खुणेनं बोलावून सांगितलं. हे काही बोलायच्या आत मामंजी म्हणाले, "काय म्हणते ती? बोल मुली, मोठ्यानं बोल. इथे सगळे आपलेच आहेत."

"कण्हेरीचं पान देऊन पाहावं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतः उठून अंगणात गेले आणि कोवळा डहाळा तोडून आणला. तगरीची पानं काढून घेऊन आम्ही तो टोपलीत ठेवला. अळी हलेना. चहा झाला, पानसुपारी झाली. मी आशा सोडली होती. मग तिनं डोकं पुढे काढलं, डहाळ्याला लावलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं, आणि पानाच्या कडेनं विळ्यासारखा घास काढला.

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "तीच आहे! पुस्तक लिहिणाऱ्यानं तगर पाहिलीच नसेल!" त्यांनी दौत मागवली आणि समासात इंग्रजीत काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर मला सांगितलं, "तगर, असं लिहिलंय. तुमच्यामुळे."

मग मामंजींनी विचारलं ते, जे त्यांच्या मनात इतके दिवस घोळत होतं. "डॉक्टर, हे डोळे आले कुठून? अळीनं तर काढून घेतले नाहीत."

डॉक्टर इंग्रजी पुस्तकं पुष्कळ वाचत. ते म्हणाले, "विलायतेत ह्यावरून मोठे वाद चाललेत. एक पक्ष असा आहे: समजा, फार फार पूर्वी ह्या अळ्या नुसत्या हिरव्या होत्या. पण एका आईची सगळी पिल्लं एकसारखी थोडीच निघतात? एखादीच्या पाठीवर जरा काळपट डाग असेल. पाखरू चोच मारायला आलं, डाग पाहून डोळ्याचं पातं लवेपर्यंत थबकलं, आणि तेवढ्यात ती पानाआड झाली. ती वाचली, तिचा पतंग झाला, तिच्या पोरांपैकी काहींना डाग मिळाला. त्यांत ज्यांचा डाग जास्त गोल, जास्त डोळ्यासारखा, त्या जास्त वाचल्या. साध्या होत्या त्या पाखरांच्या पोटात गेल्या. असं किती हजार पिढ्या चाललं असेल कोण जाणे."

"म्हणजे डोळे रंगवले ते पाखरांनीच," मामंजी सावकाश म्हणाले. "खाऊन खाऊन."

"तसंच. कुणी उभं राहून पाहिलेलं नाही, हेही खरं. पण मला तरी पटतं."

ह्या वेळी मी कुणी विचारायची वाट पाहिली नाही. "मग तिला ठाऊक असतं का, आपण सापासारखं दिसतो ते?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तिला काहीच ठाऊक नसतं. हात लागला की मान आत घ्यायची, एवढंच तिच्या अंगात आहे. जिनं घेतली नाही, तिची पोरं आज नाहीत."

परतीच्या गाडीत मी त्याचाच विचार करत होते. इतकं भेसूर रूप, आणि आतला जीव स्वतः घाबरून मान लपवणारा. मला तिची फार दया आली, आणि पहिल्या दिवशी किंचाळत पळालेली मीही मला आठवले.

संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "काय निघालं?"

मी माझ्या शब्दांत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पण पाखरं इतकी कशी फसतात, तेवढं मला कळलं नाही. एकदा चोच मारून बघितलं तर खरंखोटं कळेल की."

सासूबाईंचे हात थांबले. "मला कळतं," त्या म्हणाल्या. "अळीला साप समजून सोडली तर एक घास जातो. सापाला अळी समजून हात घातला तर..." त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. "तिला दोरी वाटली होती. लाकडाच्या मोळीची दोरी. ओढायला गेली."

मुलीबद्दल त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. मी भाजीची टोपली बाजूला केली आणि त्यांच्याजवळ सरकले. त्या रडल्या नाहीत. तिचे केस कसे कुरळे होते, ती मामंजींच्या नकाशांवर कशी रांगायची, ते सांगत राहिल्या. सांगून झाल्यावर उठल्या, ओटीवर गेल्या आणि कुंड्यावरचं फडकं स्वतःच्या हातानं बाजूला करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शहाणी आहेत पाखरं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पानं आम्ही दोघी मिळून घालत असू.

चार दिवसांनी अळीचा रंग बदलला. हिरवी गेली आणि तपकिरी, मळकट झाली. खाणं सोडलं. कुंड्यात गोल गोल फिरत राहिली. मला वाटलं, मरते आहे. प्रवास सोसला नाही, माझ्याच सांगण्यावरून कण्हेर दिली, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींनाही काही सांगता येईना. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, मरत नाही. दिवस भरलेली बाई अशीच घरभर फिरते. तिला जागा हवी आहे." त्यांनी जाऊन तगरीखालचा सुका पाचोळा ओंजळीत आणला. परसात, काठी न आपटता. पाचोळा मातीवर पसरताच अळी त्याखाली शिरली. दोन दिवसांनी भिंगातून पाहिलं तर पानं धाग्यांनी गुंफून आत बदामी कोश झाला होता, अंगावर काळे ठिपके.

दसरा झाला. कोजागिरी जवळ आली. एके दिवशी दिवे लावायच्या वेळी सासूबाईंनी हाक मारली, "लवकर या सगळे!" कोश फुटला होता. ओला, चुरगळलेला एक जीव फडक्याला धरून वर चढत होता. तासाभरात पंख उघडले. मी समई जवळ आणली. मामंजींनी चेहरा पुढे केला आणि म्हणाले, "मला एक काळोखी दिसते फक्त. सांग."

मी सांगितलं. शेवाळासारखा हिरवा, त्यात फिकट हिरव्याच्या लाटा, मध्ये गुलाबी पट्टा, जसा शंखाच्या आत असतो. नकाशात डोंगराच्या रेघा असतात तशा रेघा. मी सांगत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. हे कचेरीतून आलेले तसेच, पगडी न काढता उभे होते. पंख थरथरायला लागले, मग दिसेनासे झाले, आणि तो दारातून परसाच्या दिशेनं निघून गेला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि हसल्या.

मामंजींची दृष्टी दीड वर्षात पूर्ण गेली. पुढे ते आठ वर्षं होते, आणि त्या आठ वर्षांत मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, मासिकं वाचून दाखवली, डॉक्टरांची पत्रं वाचून उत्तरं लिहिली. माझं शिक्षण झालं ते असं, त्यांच्या खाटेशी बसून. शेजारी नावं ठेवत. सून सासऱ्यासमोर बसून मोठ्यानं वाचते, हे काय वळण! त्यांना उत्तर सासूबाईच देत. "तिचे डोळे आमच्या घरात दोघांना पुरतात," असं त्या सांगत.

माझी पहिली मुलगी जन्मली तेव्हा पाचवीला सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "हिला लवकर लिहायला शिकव. मोठी होईपर्यंत थांबू नकोस." मी थांबले नाही. चार वर्षांची असताना ती ओटीवर पाटी घेऊन बसली, आणि मामंजींनी आंधळ्या हातानं तिचं बोट धरून पहिला श्री गिरवला. मामंजी आणि सासूबाई मला आजही रोज आठवतात, आणि देवापुढे हात जोडले की मागण्यासारखं फारसं काही सुचत नाही.